धर्म बदलला, घर तेच

बौद्ध घरातले मूल ख्रिस्ती होते, तेव्हा त्या घरातील खळबळ वेगळीच असते. कारण त्या घराने एकदा धर्म बदललेला असतो, आणि तोही मोठी किंमत मोजून.

आमच्या अलोऱ्यात कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे नाना जातिधर्मांची माणसे शेजारी राहिली. बँकेतल्या नोकरीमुळे त्यांची सुखदुःखे माझ्या टेबलापर्यंत येत. निवृत्तीनंतरही येतात. काही वर्षांपूर्वी असेच एक बौद्ध गृहस्थ आले. मुलगी ख्रिस्ती झाली होती. म्हणाले, "साहेब, देव मानायचा की नाही ते तिचं तिनं बघावं. पण माझ्या बापानं बाबासाहेबांच्या शब्दाखातर जे घेतलं ते हिनं टाकलं, असं वाडी म्हणते. तिला काय सांगू?"

ही व्यथा खोटी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी बरोबरीने दीक्षा घेतली. तो समाजाचा निर्णय होता. म्हणून त्यातून एकट्याने बाहेर पडणे म्हणजे आपली माणसे सोडणे, असे वाटते.

पण येवल्याची घोषणा १९३५ सालची. तिथून नागपूरपर्यंत बाबासाहेबांनी एकवीस वर्षे अभ्यास केला, अनेक धर्म पारखले. दीक्षेइतकाच हा पारखण्याचा अधिकारही त्यांचा वारसा नव्हे काय? मुलीने आमिषाने किंवा दडपणाने नव्हे, तर विचार करून पाऊल उचलले असेल, तर तिने तो वारसा टाकला असे म्हणता येणार नाही.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा जन्मही याच जिल्ह्यातल्या करजगावचा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग परतल्या आणि पुढे स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या घराघरांत ही कथा ठाऊक आहे. ते घर वादात जिंकून सांधले गेले नाही, माणूस न तोडल्यामुळे सांधले गेले.

टिळकांना जातीच्या दाखल्याची चिंता नव्हती. या मुलीला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्याचा तो दर्जा जातो. ख्रिस्ती धर्मात जात नाही, असे त्यामागचे कारण सांगतात. आहेत त्यांच्याच वाट्यात आणखी वाटेकरी नकोत, अशीही रास्त भीती आहे. पण जात तर बौद्ध धर्मातही नाही. तरी धर्म बदलला म्हणून गावाची नजर बदलत नाही, हे १९९० साली संसदेने मान्य केलेच ना? मग हाच न्याय दुसऱ्या दाराशी का थांबावा? या प्रश्नासाठी केंद्राने २०२२ साली न्या. बालकृष्णन आयोग नेमला. वाट्याचा प्रश्न वाटा वाढवून सोडवता येईल; श्रद्धेला दंड लावून नव्हे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. घराला मात्र कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही. चौदा एप्रिलला लेकीला माहेरी बोलवावे. नाताळला तिच्याकडे जाऊन गोडधोड खाऊन यावे. वाडी चार दिवस बोलेल आणि पाचव्या दिवशी तिला दुसरा विषय मिळेल.