दिसतं तसं नसतं!

‘दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं’ ही म्हण ज्याने काढली, तो आज असता तर त्याच्याकडे नक्की एखादा स्वस्तातला डिजिटल कॅमेरा असता!

तर झालं असं. गेल्या दिवाळीत आजीची मुलाखत शूट करायचं ठरलं. आजी ८३ वर्षांची. आजोबा गेल्यावर चार पोरं पदरात असताना तिने नोकरी कशी धरली, हे आम्ही तुकड्यातुकड्यांत ऐकलेलं, सलग कधीच नाही. माझ्याकडे एन्ट्री लेव्हल डीएसएलआर. तीन इंची स्क्रीनवर फोकस धड कळेना, म्हणून कॅमेरा एचडीएमआय केबलने हॉलमधल्या टीव्हीला जोडला. चुलतभावाने मध्ये कॅप्चर कार्ड लावून लॅपटॉपवरही रेकॉर्डिंग सुरू केलं. एकदम प्रोफेशनल सेटअप! असं आम्हाला वाटलं.

टीव्हीवर आजी झक्कास दिसत होती. फक्त नाकावर फोकसचा पांढरा चौकोन आणि कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह. म्हटलं, असू दे, मेमरी कार्डवर तर स्वच्छच येतंय ना! आजी ५५ मिनिटं बोलली. कार्डवर उतरली २९ मिनिटं ५९ सेकंद. टीव्हीवरचा लाल ठिपका कधी विझला ते कुणालाच कळलं नाही, कारण सगळे आजीकडे बघत होतो. नोकरीचा पहिला दिवस नेमका नंतर आला.

आता थोडं टेक्निकल, पण सोप्पं. अशा कॅमेऱ्यांना एचडीएमआय असतं ते मुख्यतः फोटो टीव्हीवर बघायला. स्क्रीनवरच्या चिन्हांसकट सगळं बाहेर जातं. चिन्हांशिवाय चित्र हवं, तर कॅमेऱ्यात ‘क्लीन एचडीएमआय’ लागतं. महागड्यांनाही ते सहज मिळालं नाही. २००८ च्या कॅनन फाइव्ह डी मार्क टू मध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं की टीव्हीवरचं चित्र थेट ४८० ओळींवर घसरायचं. मार्क थ्रीला क्लीन आउटपुट मिळालं ते २०१३ च्या फर्मवेअर अपडेटनंतर.

आणि ते २९:५९ चं गौडबंगाल? युरोपच्या कस्टम्स नियमांत सलग ३० मिनिटं रेकॉर्ड करणारा कॅमेरा ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरायचा आणि त्यावर जादा ड्युटी लागायची. म्हणून कंपन्यांनी एक सेकंद आधीच ब्रेक लावला. आता बऱ्याच नव्या मॉडेल्समध्ये ही अट नाही, पण सेकंडहँड घेताना जपून.

तेव्हा दुकानात मेगापिक्सेल विचारून झाले की आणखी तीन प्रश्न विचारा. क्लीन एचडीएमआय आहे का? माइक आणि हेडफोनचं सॉकेट आहे का? सलग किती वेळ रेकॉर्ड होतं? केबल घेताना मिनी की मायक्रो तेही बघा. कॅमेरा आधीच घेतलाय? मग मेन्यूत एचडीएमआयवरची माहिती बंद करायचा पर्याय शोधा. फक्त व्हिडिओ कॉल करायचा असेल, तर २०२० च्या लॉकडाउनमध्ये कॅनन, निकॉन, सोनीने काढलेली वेबकॅम सॉफ्टवेअर्स आहेत. यूएसबी केबलवर काम भागतं.

माझ्या कॅमेऱ्याला हेडफोनचं सॉकेटही नाही. त्यामुळे कार्डवरच्या आवाजात पंख्याची घरघर आहे, हे दुसऱ्या दिवशी समजलं. भावाने आजीसमोरच्या टीपॉयवर मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवला होता, म्हणून आवाज तरी वाचला.

आजीला म्हटलं, पुन्हा सांगशील? ती म्हणाली, “अगं, एकदा सांगून झालं. आता मोकळी झाले मी.”

म्हणून मुलाखतीचा दुसरा अर्धा भाग लॅपटॉपवरचाच आहे. आजी पहिल्या पगाराबद्दल सांगतेय, डोळे पुसतेय, आणि नाकावर तो पांढरा चौकोन. आधी एडिटिंगमध्ये पुसायचा खूप प्रयत्न केला. आता राहू दिलाय. निदान फोकस तरी योग्य जागी होता!