पोत्यात बाटली ओतून भुंगेरे मरत नसतात



परवा एक जण बांधावर आला. हातात इवलीशी बाटली. म्हणे, "काका, शंभर टक्के नैसर्गिक. निलगिरी, लवंग, गवती चहा. चार थेंब टाका, वर्षभर किडा फिरकणार नाही." म्हटलं, बाबा, मागच्या साली हेच करून बसलोय.

दोन पोती हरभरा बियाण्याला ठेवला होता. कापसाचे बोळे तेलात बुडवून पोत्यात घातले. आठ दिवस घरभर वास. मग वासही गेला. आषाढात पोतं सोडलं तर दाण्यादाण्याला गोल भोक. बियाणं विकत आणावं लागलं.

तेल खोटं नाही, विकणारा अर्धंच सांगतो. लवंगेतलं युजेनॉल, गवती चहातलं सिट्रल, यांच्या वाफेनं किडा मरतो. पण कुठं? झाकणबंद बरणीत. बारदानातून वाफ लवकरच पसार. त्यात भुंगेरा अंडं दाण्यावर चिकटवतो, अळी दाणा पोखरून आत शिरते अन् आतच वाढते. वरचे मेले तरी आतले महिनाभरानं बाहेर येतात. तोवर तुमची वाफ कुठाय?

म्हणून गोळ्या टाका असं मी म्हणत नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून निघणारा वायू किडा अन् माणूस ओळखत नाही. त्या घरगुती वापरासाठी नाहीतच. तरी लोक लेकरं झोपतात त्याच खोलीतल्या पोत्यात टाकतात. हात जोडतो, असं करू नका.

मग करायचं काय? भुंगेरा शेतातूनच शेंगेवर अंडी घेऊन येतो, म्हणून मळणी झाली की लगेच कामाला लागा. दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा. गार होऊ द्या. किलोला ५ मिली खायचं तेल किंवा एरंडेल चोळा, बियाण्याला निंबोळी तेल चालतं. ही तेलं उडून जात नाहीत. दाण्यावर बसतात, अंडं गुदमरतं. मग हवाबंद कोठीत किंवा हवाबंद पिशवीत भरा. आपल्या आया हेच करायच्या, त्यांनी बाटली नव्हती विकली कुणाला.

कृषी विद्यापीठातले साहेब वाचत असतील तर एक विनंती. बरणीत किती किडे मेले ते पुरे झालं. ५० किलोच्या पोत्यात किती मेले, किती महिने टिकलं, बी किती उगवलं अन् डाळीला वास राहिला का, ते सांगा. पुरणपोळीला निलगिरीचा वास आला तर घरची मंडळी मलाच कोठीत कोंडतील.

नैसर्गिक म्हणजे आपोआप चांगलं नसतं, भाऊ. बाटलीवाला आला की एकच विचारा, "हे बारदानात किती दिवस टिकतं?" उत्तर नसेल तर चहा पाजा अन् वाटेला लावा.

तुमचा अनुभव वेगळा असेल तर खाली लिहा. चुकलो असेन तर मान्य करीन.