कपाळावरचे केस आणि आपली मराठी

आज जरा वेगळा विषय घेतो. पंच्याहत्तरीला टेकलेला निवृत्त बँकवाला मुलींच्या केसांवर लिहितोय म्हणून हसाल. हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे फोटो आपल्या ग्रुपवर आले, त्यात माझी नात होती. तिने पुढचे केस घरीच कापलेत. मध्ये भांग आणि दोन्ही बाजूंना, खिडकीचा पडदा सारावा तशा, गालापर्यंत आलेल्या बटा. याला कर्टन बँग्ज म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. फोटोखाली एकांनी लिहिलं, "मुलीचं कपाळ मोकळं असावं." दुसऱ्यांनी लिहिलं, "आपण आधीच परमुलखात. आपल्या मुली अशा झिपऱ्या सोडून फिरल्या तर मराठीपण उरायचं कसं?" दोन दिवसांत ४१ मेसेज आले. मोजणं ही जुनी सवय आहे, जात नाही.

नातीला उत्तर द्यायची गरज वाटली नाही. मला वाटते, कारण प्रश्न एकट्या तिच्या केसांचा नाही.

आधी "परमुलूख" हा शब्द बघू. आपली घरं इथं कुठून येऊन उतरलेली नाहीत. निजामाच्या राज्यात आदिलाबाद, किनवट, राजुरा हा सगळा एकच जिल्हा होता. १९५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हा किनवट आणि राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले, आपण इकडे आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ पासून तेलंगणात आहोत. २०१६ ला जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. आपण हललो नाही, पाट्या हलल्या. पैनगंगेच्या पलीकडे सोयरे आणि अलीकडे शेत, असं आपल्यातल्या कितीतरी घरांचं आहे. त्यामुळे मराठीपणाची काळजी मला समजते. मलाही आहे. पण ती काळजी पोरीच्या कपाळावर नेऊन ठेवणं मला पटत नाही.

दुसरं म्हणजे, हे काही आजचं नाही. १९६० ला "लव्ह इन शिमला" आला. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना साधनाचं कपाळ फार रुंद वाटलं, म्हणून ऑड्री हेपबर्नसारखे पुढचे केस कापून कपाळ झाकलं. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या "परख"मध्ये हीच साधना साध्या केसांत, खेड्यातली मुलगी म्हणून दिसली. पण देशभर गाजला तो साधना कट. गावोगावच्या मुलींनी आरशासमोर बसून कात्री चालवली. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या आपल्या ताया, वहिन्या आणि मावश्यांनी जुने अल्बम काढावेत. मी नावं सांगत नाही.

आमच्या घरी हा उद्योग माझ्या थोरल्या बहिणीने केला, १९६३-६४ च्या सुमारास. कपडे बेतायची कात्री घेतली, केस ओले केले आणि एका फटक्यात कापले. वाळल्यावर ते भुवयांच्या वर गेले. आजीने तेव्हा म्हटलेली वाक्यं आणि परवा ग्रुपवर आलेली वाक्यं यांत फारसा फरक नाही. आज ताई ऐंशीच्या घरात आहे. तिला सगळ्या आरत्या पाठ, मराठी पत्रांचं अक्षर मोत्यासारखं, आणि एकादशीला चुकूनही दाणा तोंडात टाकत नाही. त्या केसांनी तिचं काही बिघडवलं असेल तर मला तरी ते सापडलेलं नाही.

त्या वेळी घरात अजून एक व्यक्ती होती. वडिलांची आत्या. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. चौदाव्या वर्षी नवरा गेला आणि तेव्हापासून अंगावर लाल आलवण. दर पंधरा दिवसांनी मागच्या दाराने न्हावी यायचा. लग्नात मिळालेली शिसवी फणेरपेटी तिने जपून ठेवली होती. आतली फणी तिच्या कामाची नव्हती, म्हणून त्या पेटीत आम्हा मुलांच्या रिबिनी आणि आकडे असायचे. ताईची वेणी रोज तीच घालायची, डोळे ओढले जातील इतकी घट्ट. घरात साधना कटवरून गदारोळ चालू असताना ती काही बोलली नाही. फणेरपेटीतला आरसा काढला आणि ताईसमोर धरून बसली.

आपल्या संस्कृतीत बाईच्या केसांना कात्री लागत नव्हती, असं कुणी म्हटलं की मला आत्याआजी आठवते. आमच्यासारख्या कितीतरी घरांत कात्रीच काय, वस्तराही लागत होता. फक्त तिला विचारलं जात नव्हतं. याविरुद्ध आपल्याच लोकांनी आवाज उठवला. नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांच्या धडपडीमुळे १८९० ला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, त्यांनीच त्या सुमारास नाभिक बांधवांना एकत्र करून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा संप घडवला. हरिभाऊ आपट्यांनी त्याच काळात "पण लक्षात कोण घेतो?" लिहिली. तीही आपलीच संस्कृती आहे. जपायची तर ती जपू.

आता माझं मत सरळ सांगतो. मोठी झालेली मुलगी स्वतःच्या कपाळावर केस ठेवेल की मागे घेईल, हा तिचा प्रश्न आहे. शाळेचा गणवेश असेल तर शाळेचा नियम पाळावा, प्रयोगशाळेत आणि गॅससमोर केस पिनने मागे घ्यावेत, एवढं सांगायचा आपल्याला हक्क आहे. टिकलीचं म्हणाल तर ती बटांच्या मधोमध छान दिसते. त्यापुढे आपण गप्प बसावं.

आणि बोलायचंच असेल तर कामाचं बोलावं. नातीने कापलं तेव्हा मी शेजारी पेपर घेऊन बसलो होतो. जे बघितलं ते लिहितो, कुणाच्या घरी उपयोगी पडेल.

केस कोरडेच ठेवायचे. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो. ताईचं तेच झालं होतं, आणि कुरळ्या केसांत तर फरक जास्तच पडतो. कंगवा डोक्यावर आडवा ठेवायचा. माथा जिथून उतरायला लागतो तिथून दोन्ही भुवयांच्या बाहेरच्या टोकांपर्यंत त्रिकोण काढायचा. बाकीचे केस मागे बांधून टाकायचे. मध्ये भांग पाडायचा. डावा भाग उजवीकडे ओढून कापायचा आणि उजवा डावीकडे, म्हणजे मध्ये आखूड आणि कानाकडे लांब अशी उतरण आपोआप येते. कात्री आडवी चालवायची नाही. उभी धरून टोकाने थोडं थोडं. पहिल्यांदा नाकाच्या शेंड्याच्या खालीच थांबायचं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. पाच सेंटीमीटर जास्त कापले तर पाच महिन्यांची मुदत ठेव झाली म्हणून समजा, मुदतीआधी मोडता येत नाही.

रोजचं काम सोपं आहे. किंचित ओले असताना ड्रायरने आधी डावीकडे, मग उजवीकडे वाळवायचे, म्हणजे भोवरा बसतो. मग गोल ब्रशवर गुंडाळून चेहऱ्यापासून बाहेर वळवायचे. लाईट गेली असेल तर जाड रोलर लावून ठेवायचा, चहा होईपर्यंत वळण बसतं. पुढच्या केसांना तेल नको. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने ते कपाळाला चिकटतात आणि पुरळ येतं. तेव्हा नात सरळ दोन पिना लावते, किंवा तेवढेच केस बेसिनमध्ये धुते. आणि आरसा धरायला घरातलं एक माणूस असावं. मोठं असलं तर उत्तम.

शेवटी, मला खरी बोचलेली गोष्ट. माझी नात इंग्रजी शाळेत शिकली. तेलुगू फाडफाड बोलते. घरात मराठी बोलते, पण मराठी वाचताना जोडाक्षराला अडखळते. आपल्या ग्रुपवर बहुतेक मुलामुलींचं असंच आहे. आपल्या समारंभात आमंत्रणाची पत्रिका वाचायला या मुलांना मोठ्यांची मदत लागते. त्यावर गेल्या वर्षभरात किती मेसेज आले? मी मागे जाऊन पाहिलं. एकही नाही. केसांवर ४१.

मराठीपण टिकवायचं असेल तर त्याची जागा ही आहे. म्हणून ठरवलंय, येत्या रविवारपासून सकाळी दहा ते अकरा आमच्या ओसरीवर मराठी वाचन. गोष्टीची पुस्तकं माझ्याकडे आहेत, चहा आमच्या सौ. करतील. दहा वर्षांपासून पंचविशीपर्यंत कुणीही यावं, मुलगा असो की मुलगी. केस कसेही असोत.