कोंबडीला ‘सेंद्रिय’ म्हणण्याआधी

– ऊस विकास अधिकारी



गेल्या दोन-तीन हंगामांपासून गटागटांतून एक मागणी वारंवार कानावर येते. कारखान्याने सभासदांसाठी ‘नैसर्गिक’ किंवा ‘सेंद्रिय’ कोंबडीपालनाची योजना राबवावी, शेडसाठी कर्ज मिळवून द्यावे आणि हप्ते ऊस बिलातून कापून घ्यावेत. मागणी करणाऱ्यांत तरुण पोरे आहेत, तशा बचत गटांच्या भगिनीही आहेत. जोडधंदा करू नका असे कोण म्हणेल? उसाचे पैसे वर्षातून दोन-तीनदा येतात आणि घराचा खर्च रोज सकाळी दारात उभा असतो, हे शेतकी खात्यात काम करणाऱ्याला कोणी सांगायला नको. तरीही ही योजना ज्या स्वरूपात मागितली जाते आहे, त्या स्वरूपाला माझा विरोध आहे. सभेत ध्वनिक्षेपकासमोर पाच मिनिटांत हे सगळे मांडता येत नाही, म्हणून येथे लिहितो. मत माझे आहे, संचालक मंडळाचे नव्हे.

पहिला घोळ शब्दांचा आहे. गावरान, नैसर्गिक आणि सेंद्रिय हे तीन शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने फिरतात. गावरान म्हणजे जात, आपल्या उकिरड्यावर पिढ्यान् पिढ्या वाढलेली देशी कोंबडी. नैसर्गिक या शब्दाला विक्रेता जो अर्थ देईल तो. अमेरिकेतसुद्धा मांसाच्या पाकिटावर ‘नैसर्गिक’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की कापल्यानंतर त्यात कृत्रिम रंग किंवा पदार्थ घातले नाहीत आणि फारशी प्रक्रिया केली नाही. ती कोंबडी कशी वाढली, उन्हात फिरली की बंद शेडमध्ये राहिली, याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. सेंद्रिय हा शब्द मात्र कायद्याच्या चौकटीतला आहे. आपल्या देशात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे आहेत. प्रमाणपत्राशिवाय ‘जैविक भारत’ची खूण लावता येत नाही. तेव्हा देशी कोंबडी अंगणात सोडली म्हणजे ती सेंद्रिय झाली, हा समज आधी डोक्यातून काढून टाकावा.

दुसरा घोळ ब्रॉयलरबद्दल. ‘ती इंजेक्शनची कोंबडी’ असे आपल्याकडे सर्रास बोलतात. चाळीस दिवसांत दोन किलोची होते, म्हणजे काहीतरी टोचत असणार, असा हिशेब. दहा हजार पक्ष्यांना एकेक धरून वाढीचे इंजेक्शन कोण देणार, आणि ते परवडणार कोणाला? ब्रॉयलर भरभर वाढते याचे कारण तिच्या जातीत आहे. कित्येक पिढ्या निवड करून करून ती पैदास तयार झाली. आपल्या उसात नाही का? को-८६०३२ चे वजन निवडीतून आणि संकरातून आले, कोणी त्याला सुई टोचली नाही. जातीच्या जोडीला मका आणि सोयापेंडीचे हिशेबी खाद्य असते. साधारण साडेतीन किलो खाद्यात दोन किलोचा पक्षी तयार होतो.

ब्रॉयलरवर खरी टीका करायची तर ती प्रतिजैविकांवरून करावी. पक्षी आजारी नसताना, नुसता वाढावा म्हणून, खाद्यात किंवा पाण्यात औषध मिसळण्याची सवय या धंद्याला लागली. त्यातून औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात आणि माणसाच्या आजारातही ती औषधे निकामी ठरतात. कोलिस्टिन हे माणसाचे अगदी शेवटच्या उपायाचे औषध. ते कोंबड्यांना आणि इतर खाद्य-जनावरांना देण्यावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती उगाच नव्हे.

आता सेंद्रिय कोंबडी वाढवायची म्हणजे काय करायचे? पिल्लू दोन दिवसांचे असल्यापासून त्याच्या पोटात जाणारे खाद्य सेंद्रिय पाहिजे. म्हणजे मका सेंद्रिय, सोयाबीन सेंद्रिय, आणि ती जमीनही नियमाप्रमाणे दोन वर्षे रूपांतराच्या काळातून गेलेली. वाढीसाठी प्रतिजैविके नाहीत. पक्ष्याला बाहेर हिंडायला जागा, माती उकरायला, धुळीत लोळायला मोकळीक. युरोपात सेंद्रिय मांसल कोंबडीला शेडबाहेर दर पक्ष्यामागे ४ चौरस मीटर जागा लागते, शेडमध्येही दाटीवर मर्यादा असते, आणि सावकाश वाढणारी जात नसेल तर ८१ दिवसांच्या आत कापता येत नाही. आपल्या ब्रॉयलर शेडमध्ये पक्ष्याला एक चौरस फूट मिळतो. तुलना करून पाहा.

फ्रान्समध्ये ‘लाल लेबल’ म्हणून एक खूण आहे. १९६५ पासून तेथे कोंबडीला ती मिळू लागली. ती सेंद्रिय नव्हे, पण जात सावकाश वाढणारी, बाहेर मोकळीक आणि किमान ८१ दिवसांचे वय, एवढे नियम ठरलेले आणि तपासलेले. गिऱ्हाईक त्या खुणेला जादा पैसे मोजते, कारण खूण लावणारा खोटे बोलला तर पकडला जातो. आपल्याकडे हमरस्त्याच्या ढाब्यावर ‘गावरान’ची पाटी असते आणि ताटात रंगीत संकरित कोंबडी. पकडणारा कोण?

या रंगीत जाती वाईट आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. हैदराबादच्या केंद्रीय कुक्कुट संस्थेची वनराजा, बंगलोरकडची गिरिराजा या परसातल्या पालनासाठीच तयार केल्या आहेत. दिसायला देशीसारख्या, चपळ, काटक. अडीच-तीन महिन्यांत दीड किलोच्या आसपास भरतात, त्याला चार-साडेचार किलो खाद्य लागते. अस्सल गावरान कोंबडा त्याच वजनाला यायला पाच-सहा महिने घेतो. ज्याने त्याने आपल्या बाजारचा खाद्याचा भाव घालून हिशेब करावा. विकत घेतलेल्या खाद्यावर गावरान पाळणे म्हणजे ड्रिपने बांधावरचे गवत भिजवण्यासारखे आहे. घरचे धान्य-कोंडा, खळ्यावरचे सांडलेले दाणे, किडे-मुंगी, भाजीचा पाला यावर ती जगते तोवरच ती परवडते, आणि म्हणूनच ती दहा-वीसच्या संख्येत परवडते, हजारात नाही.

आता आपल्या शेताकडे या. येथे मी माझ्या खात्याचे बोलतो. कोंबड्या उसाच्या सरीत सोडल्या की तण आणि हुमणी दोन्ही खातात, असे काही सभासद सांगतात. नांगरामागे कोंबड्या हुमणी वेचतात हे खरे, मीही पाहिले आहे, आणि चांगलेच आहे. पण त्याच रानात आपण अॅट्राझीन, मेट्रीब्युझीन, २-४ डी मारतो. हुमणीसाठी जी आळवणी करतो, त्यातल्या काही औषधांत फिप्रोनिल असते. हे औषध कोंबडीवर्गातल्या पक्ष्यांना घातक आहे, आणि पक्षी मेला नाही तरी ते त्याच्या चरबीत आणि अंड्यात उतरते. २०१७ साली युरोपात, कोंबड्यांच्या शेडमध्ये गोचिडीवर्गीय कीड मारण्यासाठी बेकायदा वापरलेले हेच औषध अंड्यांत सापडले आणि लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. आळवणी केलेल्या उसात चरलेल्या कोंबडीला ‘नैसर्गिक’ म्हणून पुण्या-मुंबईला पाठवायचे, हे मला पटत नाही. तेव्हा कोंबड्या वस्तीजवळच्या, औषध न मारलेल्या तुकड्यात ठेवाव्यात. उसात सोडल्या तर मुंगूस, कोल्हा, रानमांजर आहेच, आणि आता बऱ्याच भागांत बिबट्याही उसातच राहायला आला आहे.

बगॅस गादी म्हणून चालतो का, असे पुष्कळजण विचारतात. चालतो, पण कडकडीत वाळलेला. ओलसर राहिला की त्याला बुरशी धरते आणि ती पिल्लांच्या फुफ्फुसात जाते. भाताचे तूस मिळत असेल तर तेच बरे. गादीचे खत मात्र उसाला उत्तम. ते ताजे न टाकता प्रेसमडबरोबर कुजवून मग घालावे.

रोगाचे थोडे सविस्तर सांगतो, कारण ‘आम्ही नैसर्गिक पाळतो, लस देत नाही’ असे अभिमानाने सांगणारे भेटतात. लस हे प्रतिजैविक नव्हे. सेंद्रियच्या नियमांतही लस चालते. मानमोडी गावात शिरली की आठवड्यात खुराडी रिकामी होतात, हे आपल्या आयाबायांना पाठ आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आणि पक्षी जास्त दिवस ठेवायचे तर सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान मानमोडीचे कातडीखालचे इंजेक्शन आणि देवीची लस. गावात हे होत नाही याचे कारण आळस नव्हे. लसीची कुपी शंभर, पाचशे किंवा हजार मात्रांची येते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोणती बाई ती फोडणार? हे एकट्याचे काम नाही, गावाचे आहे.

आता पैशाचे. २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पक्षी आम्ही देऊ, अंडी-कोंबड्या चढ्या भावाने आम्हीच परत घेऊ, असा करार होता. विकत घेणारा थांबला आणि शेतकऱ्याच्या दारात नुसती खाणारी तोंडे उरली. कडकनाथची जात अस्सल, तिच्या झाबुआच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालेले. दोष कराराचा होता. आणि बाजार म्हणाल तर २००६ साली नवापूरला बर्ड फ्ल्यू आला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसत्या अफवेने कोंबडी कवडीमोल झाली. उसाला निदान किमान भावाचा कायदा आहे. कोंबडीला तोही नाही. मग तिच्या हप्त्याची कपात उसाच्या बिलावर का लादायची? कोंबड्या मेल्या तरी कपात चालूच राहणार, आणि सोसायटीचे पीक कर्ज कापून उरलेल्यातून ती जाणार. पोरांच्या फीचे पैसे त्याच बिलातले असतात.

‘कारखाना आमचा आहे, मग आमच्यासाठी एवढे का करू नये’ असे एका सभासदाने मला तोंडावर विचारले. प्रश्न रास्त आहे. कारखान्याने जरूर करावे, पण कर्ज वाटू नये. मला वाटते तीन कामे करण्याजोगी आहेत. शासकीय उबवणी केंद्रातून खात्रीची पिल्ले गटवार मागवून भगिनींना रोखीने, मूळ किमतीत द्यावीत, एका घराला पंचवीस-तीसच्या वर नाहीत. लस थंड पेटीतून आणून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने एका गावात एकाच दिवशी द्यावी. आणि विक्रीला कारखान्याच्या पंपाशेजारी आठवड्यातून एक दिवस जागा द्यावी, तेथे पाटीवर खरे ते लिहावे : जात वनराजा, वय अमुक दिवस, लस दिलेली, खाद्य घरचे किंवा विकतचे. सेंद्रिय शब्द नको, नैसर्गिकही नको. गिऱ्हाईक दोनदा खाऊन पाहील आणि तिसऱ्यांदा स्वतःहून येईल.

ज्या भगिनींना पिल्ले हवी असतील त्यांनी नावे गट कार्यालयात चिटबॉयकडे द्यावीत. मंडळाने मान्यता दिली तर पहिली तुकडी पावसाळा ओसरल्यावर मागवता येईल. तोपर्यंत खुराडे दुरुस्त करावे, फळी जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्यावी आणि मुंगूस शिरेल अशी भोके जाळीने बुजवावीत. पिल्ले आली की पहिल्या दिवशी गुळाचे पाणी पाजावे आणि पहिले तीन-चार आठवडे बल्बची ऊब द्यावी. वीज जाणार हे धरून शेगडीची सोय करून ठेवावी, मात्र खोलीत धूर कोंडू देऊ नये.