सगळेच देणारे, सगळेच घेणारे

पीअर-टू-पीअर जाळ्यात मुख्य सर्व्हरवर सगळा भार नसतो. प्रत्येक संगणक घेणाराही असतो आणि देणाराही. १९९९च्या नॅपस्टर या सेवेत गाणी लोकांच्या संगणकांवर होती, पण त्यांची यादी एकाच कंपनीकडे. म्हणूनच २००१ साली कोर्टाच्या आदेशानंतर सगळं बंद पडलं. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांचं बिटटॉरेंट आलं. त्यात फाइलचे लहान लहान तुकडे होतात, सर्वांत दुर्मीळ तुकडा शक्यतो आधी मागितला जातो आणि आलेल्या प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा मूळ ठशाशी ताडून पाहिला जातो; जुळला नाही तर तुकडा बाद. अनोळखी माणसाकडून आलेला मालही त्यामुळे पारखून घेता येतो, आणि या तंत्राचं खरं सौंदर्य इथेच आहे. सिनेमाच्या चोरीने मात्र त्याचं नाव खराब झालं. फोर्टमधल्या मुंबई उच्च न्यायालयात २०१६ साली न्या. गौतम पटेल यांनी संपूर्ण संकेतस्थळं सरसकट बंद करायला नकार दिला आणि निर्मात्यांकडून नेमके, तपासलेले दुवे मागितले. तंत्र आणि त्याचा गैरवापर यांत फरक करणारी ही भूमिका योग्यच होती. पुढची अडचण फोनची आहे. लालबागच्या चाळीतले दोन शेजारी मोबाइल इंटरनेटवर असले, की अनेकांत वाटून घेतलेल्या इंटरनेट पत्त्यांमुळे त्यांचे फोन एकमेकांना सहसा थेट सापडत नाहीत. पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६मध्ये, प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता मिळू शकतो.