डाव्या पायाचा अभिमान

"खरा ड्रायव्हर असेल तो गिअरचीच गाडी घेईल. ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी!" हे वाक्य गेल्या महिनाभरात आमच्या गोतावळ्यात इतक्या वेळा ऐकलं की म्हटलं, आता लिहायलाच हवं. नातेवाईक मंडळीही इथे वाचायला येतात. वाचाच!

निमित्त असं. भाचा फोर बाय फोर थार घेतोय. ताई आणि भाऊजी कोकणात राहतात, तिथे डांबरी रस्ता संपल्यावर कच्चा चढ आहे. पावसाळ्यात तांबडा चिखल, मध्ये एक वहाळ. भाऊजींना अडीअडचणीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागतं. भाचा वर्षातले सहा महिने बोटीवर, म्हणजे गाडी चालवणार भाचेसून. आणि गाडी ठरवणार कोण? ज्यांना त्या चढावर कधी गाडी घालायची नाही, असे चार पुरुष!

"मावशी, तुला त्यातलं काय कळतं?" असं विचाराल. बाबांनो, ३६ वर्षं मुलांना शिकवलंय, समजून घेणं काही कठीण नाही.

चिखलाच्या चढावर गाडी थांबली की गिअरच्या गाडीत काय करावं लागतं? हँडब्रेक, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर यांचा मेळ घालायचा. जरा चुकलं की इंजिन बंद. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड, आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही कडक. मागे दरी! ते टाळायला हाफ क्लचवर रेटत राहिलं तर क्लचप्लेट जळते, तो वास आपण घाटात घेतलेला आहेच. चांगल्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे जाते, आणि अगदी हळू चालताना ती वाढूनही मिळते. गाडी सहसा बंद पडत नाही, इंचाइंचाने चढते. चिखलात आणि वाळूत गिअर बदलताना ताकद क्षणभर तुटते आणि गाडी रुतते. इथे ती जवळपास तुटतच नाही.

"ऑटोमॅटिक नाजूक असतं" म्हणे! दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून अमेरिकेने बनवलेल्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. रणगाड्याला जे सोसलं ते आपल्या वहाळाला सोसणार नाही?

आता दुसरी बाजू, कारण एकांगी निबंधाला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. तीव्र उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जसं धरून ठेवतं, त्यात मॅन्युअल सरस आहे. ऑटोमॅटिकवाल्याने फोर लो लावून गिअर हाताने खालचा ठेवायला शिकलंच पाहिजे. 'डी'मध्ये टाकून नुसता ब्रेक दाबत उतरणं हा मूर्खपणा. वाळूत फार वेळ रेटलं तर गिअरबॉक्सचं तेल तापतं. बॅटरी कमजोर झाली तर ढकलून सुरू करता येत नाही. किंमतही जास्त. हे सगळं मान्य.

आणखी एक. 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली भलत्याच वस्तू विकल्या जातात. एएमटीमध्ये साधा क्लचच असतो, फक्त पायाऐवजी यंत्र तो दाबतं. शहरात ठीक, पण दगडधोंड्यांच्या चढावर तिची आणि टॉर्क कन्व्हर्टरची बरोबरी नाही. २०२० साली आलेल्या नव्या थारचं ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचं आहे, २०२३च्या जिम्नीचंही तसंच. शोरूममध्ये हा प्रश्न आधी विचारा.

ज्याला दर रविवारी मित्रांबरोबर चिखलात खेळायचं आहे, त्याने खुशाल मॅन्युअल घ्यावी. क्लचवर हुकमत मिळवणं ही कला आहे, तिचा आनंद मी नाकारत नाही. पण आजारी माणूस मागच्या सीटवर असताना, धो धो पावसात, रात्री, एकटीने चढ चढणं हा खेळ नव्हे. तिथे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि सगळं लक्ष चाकाखालच्या दगडावर हवं. डाव्या पायाला काम नाही म्हणून माणूस कमी ठरत नाही.

आणि 'बायकांची गाडी' म्हणाल तर होय, ती बाईच चालवणार आहे. तेव्हा आधी तिला विचारा. तिला दोन्ही गाड्या चढावर चालवून बघू द्या, आणि तिला जी मानवेल ती घ्या. तिने मॅन्युअल निवडली तर माझी हरकत नाही. चौघांनी मिशीला पीळ देऊन निवडली, तर मात्र आहे!

असो. ब्लॉगर मंडळी, तुमचा अनुभव काय? जरूर लिहा. नातेवाइकांनी फोन केला तरी चालेल, रागावून केला तरी!