वस्तूंची विद्या

वारजे हे मुठेकाठचे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि पाहता पाहता त्याचे गावपण ओसरले. मुंबई-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांस इमारती उभ्या राहिल्या, शेते गेली आणि शेतांबरोबर अवजारेही गेली. जुने घर पाडताना माळ्यावरचे घंगाळ मोडीत जाते, पायली आणि अधोली अडगळ ठरतात, जाते प्रथम अंगणाच्या कोपऱ्यात आणि पुढे राडारोड्यात जाऊन पडते. ह्यात कोणाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. सदनिकेत जात्याला जागा नाही, हे खरेच आहे. परंतु जात्याला टाकी केव्हा लावावी, खुंटा सैल झाला तर काय करावे, हे जाणणारी पिढीही त्याबरोबर जात आहे. आणि तिच्याच नातवंडांवर महाविद्यालयात ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ हा विषय टिपणांवरून पाठ करण्याची वेळ येत आहे. ही विसंगती पहिल्या पानावर मांडण्याइतकी गंभीर आहे, असे आमचे मत आहे.

वस्तूंचे मोल कसे ओळखावे हे शिकण्यासाठी पुणेकरांना दूर जाण्याचे कारण नाही. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर ह्यांनी आपले दीर्घ आयुष्य अडकित्ते, दिवे, दौती आणि वज्र्या जमविण्यात वेचले. राजेरजवाड्यांच्या तलवारींइतकाच सामान्य गृहिणीच्या हातचा अडकित्ताही जपण्याजोगा आहे, ही त्यांची दृष्टी होती. अल्पवयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केलेला हा संग्रह त्यांनी १९७५ साली राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्यात सुमारे २०,००० वस्तू आहेत. मात्र शुक्रवार पेठेतील वास्तूत मांडता येतात त्या अडीच हजारांच्या आसपास. उरलेल्या वस्तूंनी कोणाला शिकवावे, हा प्रश्न जागेच्या टंचाईइतकाच आपल्या शिक्षणपद्धतीचाही आहे.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात ह्या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच दिले गेले आहे. ही संस्था १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाल्यावर हसमुख सांकलिया ह्यांनी तेथे पुरातत्त्वविद्येचा जो पाया घातला, तो खापरे आणि दगडी हत्यारे हाती घेऊनच. शिरूर तालुक्यातील इनामगावच्या उत्खननात झाकणाची एक मातीची पेटी, शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल एकत्र सापडले. ह्या तीन वस्तू तीन कपाटांत वेगवेगळ्या ठेवल्या असत्या, तर ती तीन खेळणी वाटली असती. त्या एकत्र सापडल्याची नोंद राहिली, म्हणून तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या श्रद्धेविषयी काही बोलता येते. वस्तू तिच्या नोंदीसह पाहावी, हा ह्यातला पहिला धडा आहे.

नोंद राखण्याचे जे नवे साधन आता हाती आले आहे, तेही पुण्यातच घडले, ही अभिमानाची गोष्ट होय. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही संगणकप्रणाली तयार केली आणि तिच्या आधारे २०१४ साली देशातील दहा संग्रहालयांचा संग्रह एका राष्ट्रीय संकेतस्थळावर खुला झाला. वारज्यातील विद्यार्थी आज घरी बसून कोलकात्याच्या किंवा हैदराबादच्या संग्रहातील वस्तू पडद्यावर न्याहाळू शकतो. कोठारात बंद राहणाऱ्या वस्तूंना प्रकाशात आणण्याचा ह्याहून स्वस्त मार्ग आम्हांस दिसत नाही. ह्या साधनाला नाके मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

तथापि पडद्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. तांब्याच्या घंगाळाचे छायाचित्र कितीही मोठे केले, तरी त्यावरचे ठोके केवळ नक्षीसारखे दिसतात. कसब्यातील तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात, ते हेच. त्या ठोक्यांनी धातू घट्ट होतो आणि भांड्याला चकाकी येते, हे घंगाळ हाताने उचलून, बोटे फिरवून आणि कारागिराला विचारून समजते. शिवाय चित्राखाली केवळ ‘तांब्याचे भांडे’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्या नोंदीने कोणाचेच ज्ञान वाढत नाही. नाव, माप, धातू, घडविणारा, वापरणारे घर आणि बोलीतले शब्द ही माहिती संगणक आपण होऊन देत नाही. ती माणसाला पुरवावी लागते.

ह्याच ठिकाणी विद्यापीठांचे कर्तव्य सुरू होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत भारतीय ज्ञानप्रणाली आणि क्षेत्रीय प्रकल्प ह्यांना श्रेयांक मिळाले आहेत. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने एका सत्रात एकच वस्तू घ्यावी. ती संग्रहालयातील असो वा स्वतःच्या आजीच्या फळीवरची. तिचे मोजमाप घ्यावे, रेखाचित्र काढावे, ती वापरणाऱ्या माणसाचे बोलणे टिपावे आणि मराठीत नीट नोंद लिहून ती अध्यापकांकडून तपासून घ्यावी. रसायनाच्या विद्यार्थ्याने कल्हई का लावतात हे सांगावे, वाणिज्याच्या विद्यार्थ्याने पायलीचा हिशेब मांडावा, मराठीच्या विद्यार्थ्याने शब्द जमवावेत. घरची वस्तू घरातच राहावी आणि तिची नोंद घरच्यांच्या संमतीनेच सार्वजनिक व्हावी.

सहस्रावधी विद्यार्थ्यांचे हात लागले तर नाजूक वस्तू टिकणार नाहीत, हा संग्रहपालांचा आक्षेप रास्त आहे. नाजूक वस्तूंच्या प्रतिकृती हाताळाव्यात. दणकट वस्तू ठरल्या दिवशी देखरेखीखाली दाखवाव्यात. परंतु त्यासाठी संग्रहालयांत पुरेसे जाणते कर्मचारी हवेत आणि त्यांच्या वेतनाची तरतूद शासनाने केली पाहिजे. श्रेयांक वाढवायचे आणि संग्रहालयांना मनुष्यबळ द्यायचे नाही, असे केल्यास हा प्रकल्पही आणखी एक कागदी उपचार ठरेल, हा इशारा आम्ही आजच देऊन ठेवतो.

इमारत उशिरा बांधता येते, यंत्रे पुढल्या वर्षी घेता येतात. जाते कसे बसवावे हे सांगणारी वृद्धा मात्र पुढल्या वर्षीपर्यंत थांबेलच असे नाही. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी हा निर्णय येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी घ्यावा, आणि तोवर वारज्याच्या नागरिकांनी माळ्यावरचे जुने भांडे मोडीत देण्यापूर्वी घरातल्या मुलाला ते एकदा हातात घ्यावयास सांगावे, अशी आमची विनंती आहे.